मीटर बंद आहे

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत बंद पडलेली तेलगिरणी.
शटर गंजलेलं, आत सरकीचा वास मात्र अजून कामावर.
मधोमध ती उभी. तीन टनी, डिझेल,
कधीकाळी पिवळी.

दलाल म्हणाला, "चारच हजार तास चाललीय, मॅडम."
मी मोबाईलची बत्ती खाली धरली.
भरीव टायरांना उंदरांनी कुरतडल्यासारखे घाव,
काटे टाचेशी झिजून पातळ,
सिलिंडरखाली रात्रभरात साचलेली
वाटीभर तेलाची कबुली.

डब्यावर बसलेला म्हातारा हसला.
उखर्डू बोरसे. गिरणी गेली, राखण करायला हा उरला.
"मीटरना नाद सोड, ताई. ते कव्हयनंच मरी जायेल शे.
हिशोब मन्हा जोडे शे."
किती तास, ते मात्र सांगेना.

दलाल पाच पंचवीस. मी तीन ऐंशी.
चहा आला, त्यावर साय धरली.
मी साखळीच्या ताणलेल्या कड्या मोजून दाखवल्या,
त्याने नवी बॅटरी दाखवली
बघायला आलेल्यांना मुलीचं भरतकाम दाखवावं तशी.
चार दहाला तो उठला. चार दहालाच मीही उठले.
चार पाचला दोघं बसलो.

रऊफ पिंजारीचा ट्रेलर तीनला लागला.
कोणी न सांगता उखर्डू सीटवर चढला,
खाकरला, आधी तो, मग ती,
आणि काळा धूर सोडत मागे मागे रॅम्पवर गेली.
"लोखंड सगळं ढुंगणात हिच्या," रऊफ म्हणाला,
"तोंडाने चढवणारे दोन जण माझ्या ओळखीचे होते."
होते.

चार कोपऱ्यांना साखळ्या, चाकांपुढे बाभळीचे ठोकळे,
काटे फळीवर टेकवलेले.
वजनकाट्याची चिठ्ठी: चार टन तीनशे चाळीस.
तीन टन उचलायला मी चार टन विकत घेतले होते.
उखर्डूने खाली उतरून हात पुसले,
फडकं सीटखाली परत ठेवलं
आणि पाठ न वळवता फाटकापर्यंत गेला,
तोही उलटा.

"साखळी पारोळ्यापर्यंत खोटं बोलते," रऊफ म्हणाला.
पारोळ्याला थांबलो, दोन्ही मागच्या सैल.
एरंडोलला एक.
बांभोरीला गिरणेच्या पुलावर संध्याकाळ झाली,
मी मागच्या काचेतून सारखी बघत होते
माझी नऊ महिन्यांची बचत हलतेय का.
भुसावळला तापी ओलांडली.
बामणोदला रस्त्यावर पताकांच्या माळा,
मास्टपेक्षा वीतभर खाली.
कुणाच्या तरी मुंजीच्या.
रऊफ बांबू घेऊन वर उभा राहिला,
एक एक दोरी उचलून तिच्या डोक्यावरून नेली.
मागून हॉर्न वाजत होते. तो घाई करेना.

सावद्याला पोचलो तेव्हा साडेबारा.
फोर्कलिफ्ट उतरवायला फोर्कलिफ्ट लागते,
हे मला तेव्हा कळलं.
केळीच्या चेंबरचा धक्का ट्रेलरहून हातभर खाली.
सुपडू आणि त्याची माणसं, रोज पाठीवर केळीचे क्रेट नेणारी,
गप्प उभी होती.
मी सांगितलेलं होतं कोणाला काढणार नाही.
सांगितलेलं वेगळं, चार टन दारात येणं वेगळं.

मग सुपडूच जुने रेल्वेचे स्लीपर घेऊन आला.
"ठेवा आडवे. नाही तर सकाळी कोण ढकलणार हिला?"
दोन वाजता ती धक्क्यावर होती.

सीटखालचं फडकं काढलं तेव्हा दिसलं:
पत्र्यावर खिळ्याने ओढलेल्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
पार बॅटरीच्या खोक्यामागे जाईपर्यंत.
तास, दिवस, की पाळ्या,
विचारायला उखर्डूचा नंबर घेतला नव्हता.

सुपडू बराच वेळ वाकून बघत राहिला.
"मीटर चालू करायचं का?" मी विचारलं.
तो म्हणाला, "खिळा आहे का तुमच्याकडे?"